लीग जगाची, संघ इंग्लंडचा

२७ जून २०१६. फ्रान्समधल्या नीस शहरात युरो स्पर्धेच्या बाद फेरीचा सामना सुरू होता. चौथ्याच मिनिटाला वेन रूनीने पेनल्टीवर गोल केला. पुढच्या फेरीत गाठ यजमान फ्रान्सशी होती आणि इंग्लंडचे पाठीराखे मनाने तिथे पोचलेही होते. दोनच मिनिटांनी समोरच्या संघाने बाजूच्या रेषेवरून लांबलचक थ्रो-इन टाकला. एकाने चेंडू डोक्याने मागे सरकवला, दुसऱ्याने तो जाळ्यात ढकलला. अठराव्या मिनिटाला आणखी एक फटका गोलरक्षक जो हार्टच्या हाताखालून निसटला. त्यानंतर तासाहून जास्त वेळ इंग्लंडचे खेळाडू धावत राहिले, चुकीचे पास देत राहिले, लांबून आंधळे फटके मारत राहिले. निकाल २-१ असाच राहिला. जिंकणारा देश होता आइसलंड. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत राहतात त्याहून कमी माणसं या अख्ख्या देशात राहतात. त्यांच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक व्यवसायाने दंतवैद्य. इंग्लंडचे प्रशिक्षक रॉय हॉजसन यांनी सामन्यानंतर लगेच पत्रकारांसमोर राजीनामा वाचून दाखवला.

ज्या देशाने या खेळाचे नियम १८६३ मध्ये लिहून काढले, ज्याची लीग मुंबई-पुण्यापासून लागोसपर्यंत दर शनिवारी रात्री लोक जागून बघतात, त्या देशाच्या संघाचं असं का होतं? १९६६ मध्ये इंग्लंडने विश्वचषक जिंकला. त्यानंतर २०२२ पर्यंत १४ विश्वचषक झाले. त्यांपैकी १९७४, १९७८ आणि १९९४ या तिन्हींसाठी हा संघ पात्रच ठरला नाही आणि उपांत्य फेरी त्याला दोनदाच दिसली, १९९० मध्ये आणि २०१८ मध्ये. युरोपचं विजेतेपद तर पुरुष संघाने २०२४ पर्यंत एकदाही मिळवलेलं नव्हतं.

उत्तर शोधण्याआधी प्रश्नच थोडा तपासून घ्यायला हवा. इंग्लंड खरोखरच स्वतःच्या ताकदीपेक्षा कमी खेळतं, की त्याची ताकद मोजण्याचा काटाच चुकीचा आहे? पत्रकार सायमन कूपर आणि अर्थतज्ज्ञ स्टेफान शिमान्स्की यांनी २००९ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. लोकसंख्या, देशाची श्रीमंती आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अनुभव या तीन गोष्टी धरून त्यांनी हिशेब मांडला. इंग्लंडकडून जेवढं अपेक्षित आहे तेवढं, किंबहुना थोडं जास्तच, ते जिंकतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. ब्राझील, जर्मनी, इटली, अर्जेंटिना यांच्या खालच्या पायरीवर बसणारा हा एक चांगला संघ आहे. मात्र तो सर्वांत वरच्या पायरीचा आहे, असं त्याचा देश धरून चालतो.

ही समजूत येते क्लबांमुळे. आणि गंमत अशी की ती प्रीमियर लीगच्या कितीतरी आधीची आहे. १९७७ ते १९८२ अशी सलग सहा वर्षं युरोपियन कप इंग्लिश क्लबांनीच नेला. लिव्हरपूलने तीनदा, नॉटिंगहॅम फॉरेस्टने दोनदा, अॅस्टन व्हिलाने एकदा. त्याच काळातल्या १९७८ च्या विश्वचषकात इंग्लंड नव्हतं. १९८४ मध्ये लिव्हरपूल पुन्हा युरोपचं विजेतं झालं आणि त्याच उन्हाळ्यातल्या युरो स्पर्धेतही इंग्लंड नव्हतं. लिव्हरपूलचा कणा असलेले केनी डाल्ग्लिश, ग्रॅम सूनेस आणि अॅलन हॅन्सन हे तिघेही स्कॉटिश होते, हे त्या जल्लोषात कुणी मोजत नसे. ऑलिम्पिकमध्ये एक असलेलं ब्रिटन फुटबॉलच्या विश्वचषकात चार वेगवेगळे संघ म्हणून उतरतं. जॉर्ज बेस्ट उत्तर आयर्लंडचा, रायन गिग्ज वेल्सचा. क्लबांची चमक सगळ्यांची मिळून होती, आणि ती एकट्या इंग्लंडच्या नावावर जमा होत गेली.

२००८ मध्ये तर हे अंतर टोकाला गेलं. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतल्या चारपैकी तीन क्लब इंग्लिश होते. मॉस्कोतला अंतिम सामना मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सी यांच्यातच झाला. पुढच्याच महिन्यात युरो स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्या सामन्यातले इंग्लिश खेळाडू घरी बसले होते. आदल्या नोव्हेंबरात वेम्बलीच्या पावसात क्रोएशियाने त्यांना ३-२ असं हरवून पात्रता फेरीतच बाहेर काढलं होतं.

तरीही सगळं खापर अपेक्षांवर फोडून मोकळं होता येत नाही. या संघात खरे दोष होते आणि त्यातले काही फार जुने होते.

पहिला दोष अलिप्तपणाचा. हौशी खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही या वादातून ब्रिटिश संघटना १९२८ मध्ये फिफातून बाहेर पडल्या. १९३०, १९३४ आणि १९३८ च्या विश्वचषकांकडे इंग्लंडने पाठ फिरवली. जग एकमेकांकडून शिकत होतं त्या काळात इंग्लंड आपल्याच अंगणात खेळत राहिलं. १९४६ मध्ये ते परतलं आणि १९५० मध्ये ब्राझीलला पहिला विश्वचषक खेळायला गेलं. तेव्हाही संघ निवडण्याचा अधिकार प्रशिक्षकाकडे नव्हता, संघटनेच्या पदाधिकाऱ्यांकडे होता. त्या दौऱ्यावर आर्थर ड्रूरी हे एकटेच निवडकर्ते होते. बेलो होरिझोंते इथे अमेरिकेविरुद्ध त्यांनी स्टॅन्ली मॅथ्यूजसारख्या खेळाडूला बाहेर ठेवलं. अमेरिकेच्या संघात शववाहिका चालवणारा गोलरक्षक होता. आघाडीला जो गेटजेन्स होता. तो मूळ हैतीचा, न्यूयॉर्कमध्ये भांडी घासून शिक्षणाचा खर्च भागवणारा. त्यानेच सामन्यातला एकमेव गोल केला.

या पराभवाला अपघात म्हणता आलं असतं. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर जे झालं त्याला तसं म्हणता येईना. हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं हरवलं. इंग्लिश संघात प्रत्येकाच्या पाठीवरचा क्रमांक म्हणजे त्याची ठरलेली जागा. समोरच्याचा ९ क्रमांक म्हणजे पुढे उभा राहणारा आघाडीवीर आणि आपल्या मधल्या बचावपटूने त्यालाच धरून ठेवायचं. हंगेरीचा ९ क्रमांकाचा हिदेगकुटी मात्र मैदानाच्या मध्यावर रेंगाळत होता. त्याच्या मागे जावं तर आपल्या गोलसमोर भगदाड पडे, जागेवर थांबावं तर तो मोकळा सुटे. हॅरी जॉन्स्टनला नव्वद मिनिटांत हे कोडं सुटलं नाही आणि हिदेगकुटीने तीन गोल केले. सहा महिन्यांनी बुडापेस्टमध्ये हंगेरीने ७-१ असा आणखी मोठा धडा दिला. या हंगेरियन खेळाच्या मुळाशी जिमी होगन नावाच्या इंग्लिश प्रशिक्षकाची शिकवण होती. ती हंगेरीने जपली. इंग्लंडने स्वतःच्या माणसाचं ऐकलं नव्हतं.

हा धडा काही अंशी घेतला गेला. १९६३ मध्ये आल्फ रॅम्सी आले, निवडीचा पूर्ण अधिकार मागून घेऊन आले, आणि तीन वर्षांनी विश्वचषक जिंकला गेला. पण त्या विजयातही एक बारीक गोष्ट आहे. १९६६ मध्ये इंग्लंडचे सहाच्या सहा सामने वेम्बलीवरच झाले. इंग्लंडच्या सर्वोत्तम स्पर्धांची यादी काढली तर घर जवळ असल्याचं वारंवार दिसतं. १९९६ ची युरो उपांत्य फेरी वेम्बलीवर. २०२१ मध्ये झालेल्या युरोत इंग्लंड अंतिम फेरीत गेलं तेव्हा सातपैकी सहा सामने वेम्बलीवर.

दुसरा दोष विचाराचा होता. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण आकड्यांचा चुकीचा अर्थ एका देशाचा खेळ कसा बिघडवू शकतो हे त्यातून दिसतं. चार्ल्स रीप हे हवाई दलातले अधिकारी. १९५० पासून ते सामन्यांमधल्या प्रत्येक पासाची नोंद करू लागले, पुढे वर्षानुवर्षं करत राहिले. त्यांना आढळलं की दहापैकी सुमारे आठ गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात. त्यांनी अर्थ काढला की जास्त पास म्हणजे वेळ वाया. चेंडू लवकरात लवकर पुढे उडवावा. पुढे फुटबॉल असोसिएशनच्या प्रशिक्षण विभागाची धुरा सांभाळणारे चार्ल्स ह्यूज स्वतःच्या नोंदींवरून अशाच मताला आले आणि ते देशभरच्या प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात पोचलं.

चूक कुठे होती? रीप यांच्याच नोंदींमध्ये. सामन्यातल्या दहापैकी नऊहून जास्त चाली मुळातच तीन पासांच्या आत संपत होत्या. म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त चालींमधून ऐंशी टक्के गोल आणि उरलेल्या दहा टक्क्यांहून कमी चालींमधून वीस टक्के गोल. लांब चालच जास्त फळ देत होती. तालुक्याच्या गावी पोचणाऱ्या दहांपैकी आठ जण एसटीने आले म्हणून एसटी सर्वांत वेगवान ठरत नाही. बहुतेक जण एसटीतच बसले होते, एवढंच त्यातून कळतं. हा साधा हिशेब न तपासल्यामुळे इंग्लंडमधल्या मुलांच्या पिढ्या चेंडू पायाशी ठेवायला शिकण्याऐवजी तो लांब फेकायला शिकल्या. दहा-अकरा वर्षांची मुलं मोठ्यांच्या मैदानावर, मोठ्यांच्या गोलपोस्टसमोर, अकरा विरुद्ध अकरा खेळत. तिथे उंच, धिप्पाड आणि लवकर वयात आलेला मुलगा उठून दिसे. लहान चणीचा, चेंडूवर ताबा असलेला मुलगा मागे पडे.

शिकवणारेही कमी होते. २०१० च्या सुमारास युरोपीय फुटबॉल संघटनेच्या बी, ए आणि प्रो परवान्यांचे आकडे बघितले की अंतर डोळ्यांत भरतं. जर्मनीत असे जवळपास ३५ हजार प्रशिक्षक, इटलीत २९ हजारांच्या वर, स्पेनमध्ये सुमारे २४ हजार. इंग्लंडमध्ये तीन हजारसुद्धा नव्हते. सव्वातीन लाखांच्या आइसलंडने मात्र हिवाळ्यातही खेळता येईल अशी बंदिस्त मैदानं बांधली आणि सहाशेहून अधिक परवानाधारक प्रशिक्षक तयार केले. तिथे सहा वर्षांच्या मुलालाही शिकलेला प्रशिक्षक भेटतो. नीसमधला निकाल या आकड्यांमध्ये आधीच लिहिलेला होता, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

या दोषांचा परिणाम मैदानावर एका विशिष्ट रूपात दिसतो. इंग्लंड आघाडी घेतं आणि मग ती सांभाळता येत नाही. १९७० मध्ये लिऑनला पश्चिम जर्मनीविरुद्ध २-० वरून २-३. २००० च्या युरोत पोर्तुगालविरुद्ध अठराव्या मिनिटापर्यंत २-० आणि शेवटी २-३. २००२ मध्ये ब्राझीलविरुद्ध मायकेल ओवेनचा पहिला गोल, नंतर १-२. २००४ मध्ये पोर्तुगालविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला ओवेनचा गोल, शेवटी पेनल्टीवर हार. २०१८ च्या उपांत्य फेरीत पाचव्या मिनिटाला कीरन ट्रिपियरचा अप्रतिम फ्री-किक, जादा वेळेत क्रोएशियाकडून १-२. २०२१ च्या अंतिम सामन्यात दुसऱ्या मिनिटाला ल्यूक शॉचा गोल, त्यानंतर चेंडू जवळपास दोन-तृतीयांश वेळ इटलीच्या पायांत.

प्रत्येक सामन्याची कारणं वेगळी आहेत, पण आकृती एकच आहे. पहिल्या जोमात इंग्लंड समोरच्याला हादरवतं. मग सामना संथ होतो आणि ज्याला चेंडू ठेवून विसावा घेता येतो त्याच्याकडे तो झुकतो. क्रोएशिया त्या उपांत्य सामन्याआधीचे दोन्ही बाद सामने जादा वेळ आणि पेनल्टीपर्यंत खेळून आला होता. तरी उत्तरार्धात थकलेलं दिसत होतं ते इंग्लंड, कारण चेंडूमागे धावणारा चेंडू फिरवणाऱ्यापेक्षा लवकर दमतो. लूका मॉड्रिच आणि इव्हान राकिटिच फिरवत होते, इंग्लंडचे खेळाडू धावत होते.

थकव्याचं दुसरं कारण वेळापत्रकात आहे. जर्मनी, स्पेन, फ्रान्समध्ये नाताळाच्या सुमारास खेळ थांबतो. इंग्लंडमध्ये नेमका तेव्हाच सामन्यांचा पाऊस असतो. लीग, एफए कप आणि लीग कप. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींचा अनेक वर्षं अभ्यास करणारे स्वीडिश डॉक्टर यान एक्स्ट्रँड यांच्या गटाला आढळलं की हिवाळी सुटी नसलेल्या संघांचे दुखापतींमुळे वाया जाणारे दिवस हंगामाला सरासरी तीनशेने जास्त असतात. प्रीमियर लीगने सुटीचा पहिला प्रयोग केला तो फेब्रुवारी २०२० मध्ये.

प्रीमियर लीग सुरू झाली १९९२ मध्ये. पहिल्या आठवड्यात सगळ्या क्लबांच्या सुरुवातीच्या संघांत मिळून ब्रिटन आणि आयर्लंडबाहेरचे खेळाडू होते अवघे तेरा. १९९९ च्या डिसेंबरात चेल्सीने एकही ब्रिटिश खेळाडू नसलेला संघ उतरवला. २०१३ मध्ये फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांनी जाहीरपणे सांगितलं की वीस वर्षांपूर्वी लीगमध्ये सुरुवातीपासून खेळणाऱ्यांत इंग्लिश खेळाडू ६९ टक्के होते, ते आता ३२ टक्क्यांवर आले आहेत. राष्ट्रीय प्रशिक्षकाला निवड करायला हौदच आटत चालला होता. यात फक्त तोटा मात्र नव्हता. परदेशी प्रशिक्षकांनी आणि खेळाडूंनीच इंग्लिश मुलांना जेवण, सराव आणि चेंडूवरचा ताबा यांची शिस्त लावली. लीगला दोष देणं सोपं आहे. त्या लीगमधून देशाच्या संघासाठी काय काढून घ्यायचं याची योजना कुणाकडे नव्हती, हा जास्त गंभीर दोष वाटतो.

योजना नसली की चांगले खेळाडू असूनही काय होतं, हे २००१ ते २००६ च्या संघाने दाखवलं. स्टीव्हन जेरार्ड, फ्रँक लॅम्पार्ड, पॉल स्कोल्स, डेव्हिड बेकहॅम, रूनी, ओवेन, रिओ फर्डिनंड, जॉन टेरी, अॅशली कोल. कागदावर याहून सुंदर यादी इंग्लंडच्या नशिबी क्वचितच आली असेल. पण जेरार्ड आणि लॅम्पार्ड दोघेही पुढे धावणारे. दोघे एकत्र धावले की मागे मोकळं रान. त्या दोघांना जागा देण्यासाठी २००४ मध्ये स्कोल्ससारख्या जन्मजात मध्यरक्षकाला डाव्या कडेला ढकललं गेलं आणि त्या स्पर्धेनंतर त्याने २९ व्या वर्षी देशाकडून खेळणं सोडलं. फर्डिनंडने निवृत्तीनंतर मोकळेपणाने सांगितलं आहे की मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल आणि चेल्सीचे खेळाडू राष्ट्रीय शिबिरातही क्लबचं वैर विसरत नसत. लॅम्पार्ड त्याचा वेस्ट हॅममधला जुना मित्र, पण वेगवेगळ्या क्लबांत गेल्यावर बोलणंही तुटलं.

आणि मग पेनल्टी. १९९० ते २०१२ या काळात विश्वचषक आणि युरोमध्ये इंग्लंड सात वेळा पेनल्टी शूटआउटपर्यंत गेलं आणि सहा वेळा हरलं. एकदाच, १९९६ मध्ये, स्पेनला हरवलं. चार दिवसांनी जर्मनीविरुद्ध गॅरेथ साउथगेटचा फटका अडवला गेला. त्याआधी व्यावसायिक सामन्यात त्याने एकच पेनल्टी मारली होती आणि तीही खांबाला लागली होती. १९९८ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध निर्णायक फटका मारायला गेलेल्या डेव्हिड बॅटीने तर आयुष्यात कधीच मारली नव्हती. त्या वेळचे प्रशिक्षक ग्लेन हॉडल यांचं मत होतं की खऱ्या सामन्यातलं दडपण सरावात आणता येत नाही, मग सराव करून उपयोग काय. नशिबाचा खेळ, असं म्हणून एक सगळा देश हात झटकत राहिला.

नॉर्वेचे क्रीडामानसशास्त्रज्ञ गाइर यॉर्डेट यांनी या नशिबाचीच चित्रफीत तुकड्यातुकड्यांनी तपासली. मोठ्या युरोपीय देशांशी तुलना करता इंग्लिश खेळाडू पंचांची शिटी वाजल्यावर सर्वांत कमी वेळ थांबत होते. चेंडू ठेवून मागे वळताना अनेक जण गोलरक्षकाकडे पाठ करत होते. एकदाचं उरकून टाकण्याची ती घाई होती. ज्याला हा क्षण नकोसा असतो तो तो लवकर संपवायला बघतो, आणि घाईत मारलेला फटका अडतो. ही घाई कुठून आली असेल हे समजायला त्या देशातली वर्तमानपत्रं पुरेशी आहेत. १९९२ च्या युरोत स्वीडनकडून हरल्यावर प्रशिक्षक ग्रॅम टेलर यांच्या चेहऱ्याच्या जागी सलगमाचा कंद छापला गेला. १९९८ मध्ये लाल कार्ड मिळालेल्या बेकहॅमचा पुतळा लंडनमधल्या एका पबबाहेर फासावर लटकवला गेला. पुढचा खेळाडू चेंडूकडे चालत जातो तेव्हा हे सगळं त्याच्याबरोबर चालत असतं.

बदल सुरू झाला तो २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात जर्मनीने ४-१ असं चिरडल्यानंतर. दहा वर्षांपूर्वी, २००० च्या युरोत, इंग्लंड आणि जर्मनी दोघेही गटातच बाद झाले होते. जर्मनीने तेव्हाच बाह्या सरसावून प्रत्येक व्यावसायिक क्लबला मुलांची प्रबोधिनी सक्तीची केली. इंग्लंडने दशक गमावलं. २०१२ मध्ये क्लबांच्या प्रबोधिन्यांची नवी श्रेणीरचना लागू झाली, लहान मुलांसाठी आधी पाच, मग सात, मग नऊ जणांचे संघ आणि लहान मैदानं ठरली. त्याच वर्षी स्टॅफर्डशायरमध्ये सेंट जॉर्जेस पार्क हे राष्ट्रीय केंद्र उघडलं. फ्रान्सचं क्लेरफाँतेन १९८८ पासून चालू होतं, हे लक्षात घेतलं की उशीर किती झाला ते कळतं.

या बदलाचं एक मोठं फळ जगाने पाहिलं ते भारतात. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक इथे झाला. बाद फेरीत कोलकात्यात इंग्लंडने जपानला हरवलं, आणि तेही पेनल्टीवर, पाचच्या पाच गोल करून. मग हा संघ गोव्यात आला. मडगावच्या फातोर्डा मैदानावर अमेरिकेला ४-१ ने हरवताना रियान ब्रूस्टरने तीन गोल केले. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गोयंकारांनी त्या संध्याकाळी इंग्लंडची अशी मुलं पाहिली, जी चेंडू लांब उडवत नव्हती. खालून, एकमेकांना देत, वाट काढत पुढे जात होती. दुसऱ्या बाजूने स्पेनने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर मालीला हरवून अंतिम फेरी गाठली. २८ ऑक्टोबरला कोलकात्यातल्या अंतिम सामन्यात, ६६ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, इंग्लंड अर्ध्या तासात ०-२ असं मागे होतं. शेवट झाला ५-२. दोन गोल फिल फोडनचे. चौथा गोल मार्क गेही नावाच्या बचावपटूचा.

मोठ्या संघाची सूत्रं आइसलंडच्या पराभवानंतर काही महिन्यांतच साउथगेटकडे आली, आणि १९९६ च्या त्या फटक्याचा मालक पेनल्टी नशिबावर सोडणार नव्हता. सराव संपून पाय जड झाल्यावर पेनल्टीचा सराव होऊ लागला, मध्यरेषेपासून चालत जाण्यासकट. कोण मारणार हे आधीच ठरू लागलं. शिटीनंतर श्वास घ्यायला वेळ घ्या, असं सांगितलं गेलं. पिप्पा ग्रेंज या मानसशास्त्रज्ञ संघाबरोबर काम करू लागल्या. गोलरक्षक जॉर्डन पिकफोर्ड समोरच्याच्या सवयींची नोंद पाण्याच्या बाटलीवर चिकटवून मैदानात आणू लागला. २०१८ मध्ये मॉस्कोत कोलंबियाविरुद्ध इंग्लंडने विश्वचषकातलं पहिलं शूटआउट जिंकलं.

तीन वर्षांनी वेम्बलीवर इटलीविरुद्ध ते पुन्हा हरले. मार्कस रॅशफर्ड आणि जेडन सँचो यांना केवळ पेनल्टीसाठी शेवटच्या मिनिटाला आत आणलं होतं. पाय गरम व्हायच्या आत त्यांना मारायला लावणं ही साउथगेटची चूक होती. पाचवा फटका १९ वर्षांच्या बुकायो साकाकडे गेला, ज्याने मोठ्यांच्या व्यावसायिक सामन्यात कधी पेनल्टी मारली नव्हती. तिघांचेही हुकले आणि तिन्ही कृष्णवर्णीय मुलांवर वंशद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. पण या वेळी देशाचा मोठा भाग त्यांच्या पाठीशी उभा राहिला. मँचेस्टरमधल्या रॅशफर्डच्या भित्तिचित्राची विटंबना झाली, तर लोकांनी तिथे चिठ्ठ्या आणि फुलं लावून ती भिंत झाकून टाकली. २०२४ मध्ये ड्युसेलडॉर्फला स्वित्झर्लंडविरुद्ध इंग्लंडच्या पाचही खेळाडूंनी गोल केले. तिसरा साकाचा होता.

इतकं सगळं सुधारूनही चषक आलेला नव्हता आणि इथे नशिबाला त्याचा खरा वाटा द्यायलाच हवा. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, म्हणून एका गोलाचं वजन फार. बाद फेरीचे सलग चार सामने जिंकायचे तर प्रत्येक सामन्यात सत्तर टक्के शक्यता असलेला संघसुद्धा चारपैकी जेमतेम एका स्पर्धेत शेवटपर्यंत पोचेल. भारतीय वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात भारताने सलग दहा सामने जिंकले आणि अकरावा अहमदाबादला गमावला. तेवढ्याने तो संघ वाईट ठरला नाही.

१४ जुलै २०२४ ला बर्लिनमध्ये युरोचा अंतिम सामना झाला. समोर पुन्हा स्पेन. सलग दुसऱ्यांदा युरोच्या अंतिम फेरीत पोचलेल्या इंग्लंडच्या संघात फोडन होता, गेही होता. निको विल्यम्सने स्पेनला पुढे नेलं, ७३ व्या मिनिटाला कोल पामरने बरोबरी साधली, ८६ व्या मिनिटाला मिकेल ओयारझाबालने स्पेनला पुन्हा आघाडी दिली. शेवटच्या क्षणांत इंग्लंडला कॉर्नर मिळाला. डेक्लन राइसचा हेडर गोलरक्षक उनाइ सिमोनने कसाबसा परतवला. परत आलेल्या चेंडूवर गेही झेपावला आणि त्याने तो डोक्याने गोलच्या दिशेने मारला. सात वर्षांपूर्वी कोलकात्यात याच देशाविरुद्ध त्याचा चेंडू जाळ्यात गेला होता. बर्लिनमध्ये दानी ओल्मो गोलरेषेवर उभा होता. त्याने उडी मारली आणि चेंडू डोक्याने बाहेर काढला.